हायडेलबर्ग : दोन तासांत उरकायचं गाव नव्हे

नेकारकाठ

मे-जून आला की इकडच्या, म्हणजे जर्मनीतल्या मराठी ग्रुपांवर ठरलेला प्रश्न येतो : आईबाबा येताहेत, हायडेलबर्ग किती तासांत होतं? शेजारच्या वॉल्डॉर्फला सॅप या सॉफ्टवेअर कंपनीत आपली बरीच मुलं आहेत, खुद्द हायडेलबर्गात विद्यापीठ, कर्करोग संशोधन केंद्र, ईएमबीएल ही जीवशास्त्राची प्रयोगशाळा. त्यामुळे पाहुण्यांना फिरवून आणायचं हे हुकमी ठिकाण. मग होतं काय, तर सकाळी फ्रँकफर्टहून निघायचं, किल्ल्याच्या चौकात फोटो, मोठ्या पिंपासमोर फोटो, पुलाजवळच्या माकडाच्या पुतळ्याबरोबर फोटो, आणि जेवायच्या आत गाडी पुढच्या गावाला. या गावावर माझा फार जीव आहे, म्हणून हा धागा काढते आहे. जमेल तितकं सविस्तर लिहिते, तुम्ही भर घाला.

आधी गावाची गोष्ट, कारण ती ठाऊक नसेल तर वरचा किल्ला म्हणजे नुसती लाल दगडांची पडझड वाटते. ओडेनवाल्डच्या डोंगरांतून नेकार नदी जिथे ऱ्हाईनच्या सपाटीवर उतरते, तिथे डोंगर आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव वसलं. कुरफाल्त्स संस्थानच्या राजांची ही राजधानी. १३८६ साली त्यांनी इथे विद्यापीठ काढलं, आजच्या जर्मनीतलं ते सर्वांत जुनं. १६८५ मध्ये इथला राजा निपुत्रिक वारला. त्याची बहीण लिझेलोट ही फ्रान्सच्या चौदाव्या लुईची भावजय. लुईने तिच्या नावावर मुलखावर हक्क सांगितला आणि फौजा घुसवल्या. २ मार्च १६८९ रोजी माघार घेताना सेनापती मेलाकच्या फौजेने किल्ल्याला आणि गावाला आगी लावल्या. १६९३ मध्ये ते परत आले आणि उरलंसुरलं सुरुंगाने उडवलं. लिझेलोटचं बालपण याच किल्ल्यात गेलेलं. आपल्या नावाने आपलं माहेर जाळलं गेलं हे दुःख तिने फ्रान्समधून लिहिलेल्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतं.

तारीख नीट बघा. त्याच मार्च महिन्यात तुळापूरला संभाजी महाराजांची हत्या झाली, आणि त्याच वर्षाअखेर रायगड मुघलांच्या हाती गेला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मराठी माणसाला १६८९ म्हटलं की जे आठवतं, ते मनात घेऊनच मी त्या जळक्या भिंतींसमोर उभी राहते.

आता किल्ला. कोर्नमार्क्ट चौकातून रेल्वे दोरखंडावर वर चढते. किल्ल्याच्या तिकिटात तिचं येण्याजाण्याचं भाडं, चौक, पिंपाचं तळघर आणि औषधशास्त्राचं संग्रहालय सगळं येतं. राजवाड्याच्या आतल्या दालनांसाठी मात्र वेगळी गाइडेड टूर घ्यावी लागते. पिंप १७५१ सालचं, जवळजवळ सव्वादोन लाख लिटरचं. शेतकऱ्यांकडून कर म्हणून आलेली वाईन यात एकत्र ओतायची, अशी ती सोय. सगळे तिथे रमतात, रमू द्या. पण मग चौकात परत या आणि पूर्वेकडच्या ओटहाइनरिश महालासमोर शांत उभे राहा. सोळाव्या शतकातली कोरीव दर्शनी भिंत, कोनाड्यांत सॅमसन, हर्क्युलिस, डेव्हिड, वर ग्रहदेवता. आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसतं, कारण मागे छप्परच नाही. मग आवाराबाहेरच्या बागेत जा. बागेला तिकीट नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिथून खंदकाकडे वळलात की फुटका बुरूज दिसेल. साडेसहा मीटर जाडीच्या भिंतीचा दारूगोळ्याचा बुरूज. १६९३ च्या सुरुंगाने तो उभा चिरला आणि अर्धी बाजू अखंड तुकडा होऊन खंदकात घसरली. ती अजून तशीच कलंडलेली आहे. आतले मजले, कमानी, मधला खांब, सगळं कापल्यासारखं उघडं. तोफा-सुरुंगांबद्दल शंभर पानं वाचून जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं.

१६९३ नंतर गाव पुन्हा बांधलं, गल्ल्या मध्ययुगीनच ठेवून वर बरोक घरं. त्या आगीतून वाचलेलं एक मोठं घर म्हणजे बाजारचौकातलं १५९२ सालचं 'रिटर', कापडाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं, आता हॉटेल आहे. त्याच्या समोर हायलिगगाइस्ट चर्च. १७०६ पासून १९३६ पर्यंत या चर्चच्या मधोमध भिंत होती, एकीकडे कॅथलिक, दुसरीकडे प्रॉटेस्टंट. एका राजाने ती पाडून सगळं चर्च कॅथलिकांना द्यायचा घाट घातला, लोक हटले नाहीत, भिंत परत बांधावी लागली. राजा रागावला आणि १७२० मध्ये राजधानीच मानहाइमला हलवली. मला वाटतं गावाचं जुनं रूप टिकलं त्याला हा राग बराच कारणीभूत आहे. दरबार इथेच राहता तर जुनं पाडून नवे वाडे उठले असते.

विद्यार्थ्यांची कोठडी चुकवू नका. १७७८ ते १९१४ विद्यापीठ स्वतःच्या विद्यार्थ्यांना इथे कोंडायचं : रात्री आरडाओरडा केला, पोलिसाशी हुज्जत घातली, द्वंद्व खेळलं की रवानगी. मुलांनी भिंती, छत, जिना काजळी-रंगांनी भरून टाकलेत. नावं, तारखा, टोपी घातलेल्या तोंडांच्या काळ्या सावल्या.

आणि शेवटी नदी ओलांडून पलीकडे जायचंच. किल्ला किल्ल्यावरून दिसत नाही. समोरच्या डोंगरावर फिलोसोफेनवेग नावाची वाट आहे, संध्याकाळचं ऊन तिथून किल्ल्यावर पडलेलं बघायचं. दोन तासांत हेच राहून जातं.

पानसुपारी

अगदी वेळेवर धागा! सासूबाई-सासरे जूनमध्ये येताहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाबांना चालायला काही वाटत नाही. फिलोसोफेनवेगला चढ किती आहे? आणि स्टेशनवरून गावात कसं जायचं? मागे आम्ही मुख्य स्टेशनला उतरून चालत निघालो तर जुनं गाव येईच ना.

नेकारकाठ

पानसुपारी, मुख्य स्टेशन १९५५ मध्ये जुन्या गावापासून लांब हलवलं आहे, त्यामुळे तिथून चालायचं नाही. एकतर एस-बानने (लोकल गाडीने) पुढच्या 'आल्टश्टाट' स्टेशनला उतरा, ते गावाच्या पूर्व टोकाला आहे. किंवा स्टेशनसमोरून बस घेऊन राटहाउस-बेर्गबान थांब्यावर उतरा, दोरखंडाची रेल्वे तिथेच.

फिलोसोफेनवेगला दोन बाजूंनी जाता येतं. जुन्या पुलाच्या टोकासमोरून श्लांगेनवेग चढते, दगडी भिंतींमधून नागमोडी, पायऱ्या-पायऱ्यांची. बाबांना आवडेल, सासूबाईंना नको. नदीपलीकडच्या नॉयेनहाइम भागाच्या बाजूने रस्ता आहे, तोही चढाचा, पण पायऱ्या नाहीत, मध्ये बाकं आहेत. तेही जड वाटलं तर पूल ओलांडून नदीकाठच्या हिरवळीवर बसवा. किल्ला तिथूनही समोर दिसतो. जुन्या गावात सगळीकडे गोटे बसवलेले रस्ते आहेत, चप्पल नको, बूट घालायला सांगा. किल्ल्याला मात्र रेल्वेनेच न्या. पायऱ्यांची वाट तीनशेवर पायऱ्यांची आहे.

पोळीभाजी

खाण्याचं कुणीतरी लिहायला हवं. हाउप्टश्ट्रासवर (गावातली मुख्य पेठ, दीडेक किलोमीटर लांब, गाड्यांना बंदी) भूक लागली म्हणून समोर दिसेल तिथे बसू नका. मार्श्टालच्या आवारात विद्यापीठाची मेस आहे, नदीजवळच्या जुन्या दगडी कोठारात. बाहेरच्यांनाही चालते, ताट वजनावर. भाज्या, कोशिंबिरी, भात, बटाटे असं हवं तेवढं वाढून घ्यायचं, आईबाबांना हे सोपं जातं. बाहेर जेवायचं तर अंडं चालणाऱ्या शाकाहारींना केझेश्पेट्झले चालेल, म्हणजे अंडं घातलेल्या ताज्या शेवया आणि चीज, वर तळलेला कांदा. माउलटाशन (सारण भरलेल्या पिठाच्या पुड्या) मागवताना विचारून घ्या, आत बहुधा डुकराचा-गाईचा खिमा असतो. एप्रिल ते २४ जून पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचा हंगाम. शेजारचं श्वेट्झिंगेन त्यासाठी प्रसिद्ध आहे, उकडून बटाटा आणि लोण्याच्या सॉसबरोबर देतात. आणि रविवारी दुकानं बंद असतात, पाणी-बिस्किटं शनिवारीच घेऊन ठेवा.

रानवाटा

ताई, लेख आवडला. मी पुण्याचा, किल्ल्यांवर फिरणारा. गेल्या साली कंपनीच्या कामाने मानहाइमला होतो तेव्हा हायडेलबर्ग पाहिलं. माझा प्रश्न वेगळा आहे. यांच्याकडे पैसा आहे, जुनी चित्रं आहेत, कारागीर आहेत. मग छप्पर का चढवत नाहीत? ड्रेस्डेनचं चर्च त्यांनी उभं केलंच ना. आपल्याकडे रायगडावर राजवाड्याची नुसती जोती उरली आहेत, ती बघताना पोटात तुटतं. माझं मत, जिथे शक्य आहे तिथे परत उभारावं. पुढच्या पिढीला जोत्यावरून काय कळणार?

नेकारकाठ

रानवाटा, याच प्रश्नासाठी हे गाव बघायला हवं असं मला वाटतं.

किल्ला पडका राहिला तो आधी नुसता दुर्लक्षाने. राजधानी गेली. अठराव्या शतकात पुन्हा राहायला यायचा बेत होता, तेवढ्यात १७६४ मध्ये वीज पडून आग लागली. मग लोकांनी इथले दगड बांधकामाला न्यायला सुरुवात केली. हे थांबवलं ते १८१० मध्ये चित्रं काढायला आलेल्या शार्ल द ग्रेंबेर या फ्रेंच माणसाने. तो इथेच राहिला, किल्ल्याची चित्रं छापून विकली, वस्तू गोळा केल्या, दगड नेणाऱ्यांच्या आड आला. फ्रेंचांनी उद्ध्वस्त केलं आणि एका फ्रेंचानेच जपलं.

पुढे १८९७ पासूनच्या काही वर्षांत कार्ल शेफर नावाच्या वास्तुविशारदाने चौकातला फ्रीडरिश महाल दुरुस्त केला, आतली दालनं नव्याने सजवली. टूरमध्ये जी दालनं दाखवतात ती बरीचशी त्याची. मग ओटहाइनरिश महालावरही छप्पर चढवायचं ठरू लागलं आणि मोठा वाद पेटला. गेओर्ग डेहिओ या कलेतिहासकाराने १९०१ मध्ये पुस्तिका लिहून विरोध केला. त्याचं म्हणणं असं की मूळ छप्पर नेमकं कसं होतं हे आपल्याला ठाऊक नाही, त्यामुळे आपण बांधू ते आपलं बांधकाम असेल, सोळाव्या शतकाचं नव्हे. जे खरं उरलं आहे ते जपावं, नवं घडवू नये. अखेर तो महाल तसाच ठेवला. युरोपात जुन्या वास्तू जपण्याचा जो विचार पुढे रुजला त्यात या वादाचा मोठा वाटा आहे.

ड्रेस्डेनच्या चर्चचं वेगळं होतं. ते १९४५ मध्ये पडलं, त्याचे फोटो, नकाशे होते, मूळ दगड ढिगात पडून होते. रायगडाच्या राजवाड्याचं तसं एकही चित्र आपल्यापाशी नाही. तिथे जे उभारू ते आपल्या कल्पनेतलं असेल, आणि आजच्या मुलाला ते शिवकालीन वाटेल. मला ते पटत नाही. जोती नीट राखावीत, गवत-झाडोरा काढावा, पाणी मुरू नये याची व्यवस्था करावी, शेजारी चांगला फलक आणि प्रतिकृती असावी. २०२५ मध्ये रायगडासह आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, ते जसे आहेत तसे गेले हेही लक्षात घ्या. हायडेलबर्ग त्या यादीत नाही, पण जतनाच्या बाबतीत त्याने घालून दिलेली शिस्त आपल्या उपयोगाची आहे.

रानवाटा

डेहिओचं माहीत नव्हतं. चित्र नाही हा मुद्दा मान्य. पण एक सांगू का, तुम्ही तिथे खिडकीतून आकाश बघून हळहळू शकता, कारण भिंत तीन मजली उभी आहे. रायगडावर १८१८ च्या इंग्रजांच्या तोफांनी तेवढंही ठेवलं नाही. शाळेची सहल वर येते, पोरं जोत्यावर डबे खातात आणि उतरतात. त्यांच्यासाठी काहीतरी उभं हवं, हे मत माझं अजून तसंच आहे. गडावर नको, तर पाचाडला खाली करा.

नेकारकाठ

पाचाडला, गडाच्या पायथ्याशी, मोठी प्रतिकृती : याला माझा पूर्ण पाठिंबा.

मोडीवाचक

उशिरा येतोय. हायडेलबर्गची एक मराठी बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. इथल्या विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे. गुंथर सोंथायमर तिथेच शिकवायचे. जन्म उल्मचा, शिक्षणाने कायदा जाणणारे, पण आयुष्य घातलं ते बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यामागे. धनगरांच्या वाड्यांवर मुक्काम करून त्यांच्या ओव्या त्यांनी टेपवर घेतल्या. या देवतांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला, इंग्रजी १९८९ मध्ये. धनगरांच्या तोंडी परंपरेकडे इतक्या आस्थेने बघणारं काम तेव्हा आपल्याकडेही फार थोडं होतं. १९९२ मध्ये ते गेले. जेजुरीचा भंडारा आणि नेकारचं पाणी अशी गाठ या गावात पडलेली आहे, मराठी माणसाने ती माहीत करून घेऊनच इथे यावं.

दुसरं, पुलापलीकडे नॉयेनहाइमच्या नदीकाठच्या रस्त्यावर एका घरावर इक्बालच्या नावाची पाटी आहे. 'सारे जहाँ से अच्छा' लिहिणारा तरुण इक्बाल १९०७ मध्ये जर्मन शिकायला इथे राहिला होता. नेकारच्या काठावरच्या संध्याकाळवर त्याची छोटी उर्दू कविता आहे. नदीकाठचा एक रस्ताही त्याच्या नावाचा आहे.

पानसुपारी

मोडीवाचक काका, माझे सासरे फलटणचे. बिरोबाचं हे ऐकून त्यांना किती आनंद होईल! ती संस्था बघता येते का?

मोडीवाचक

संस्था आता फोसश्ट्रासवर आहे, बेर्गहाइम भागात, मुख्य स्टेशन आणि जुनं गाव यांच्या मध्ये. कामाचे दिवस असतील तर ग्रंथालयापर्यंत जाता येईल, आधी मेल करून विचारा. पाहण्यासारखी जुनी वास्तू म्हणून जाऊ नका. तिथल्या कपाटांत मराठी पुस्तकांची रांग दिसली की बाबांना जे वाटेल त्यासाठी जा.

धुळेकर_मानहाइम

थोडा विरोधी सूर लावतो. उन्हाळ्यात शनिवारी हाउप्टश्ट्रासवर पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी लाडेनबुर्ग बघावं, मानहाइम-हायडेलबर्गच्या मध्येच आहे. रोमन काळातलं गाव, लाकडी चौकटींची घरं, चौकात बसून कॉफी घ्या, कुणी धक्का मारणार नाही. मोटारगाडीवाला कार्ल बेन्झ म्हातारपणी तिथेच राहिला, १९२९ मध्ये तिथेच वारला. वॉल्डॉर्फवाल्यांनी आपल्या शेजारचं वीसलोखही बघावं. १८८८ मध्ये बेर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाली, तेव्हा इंधन संपलं आणि तिने वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून ते दुकान मिरवतं.

नेकारकाठ

लाडेनबुर्गला माझं शंभर टक्के अनुमोदन, पण हायडेलबर्गच्या जागी नव्हे, दुसऱ्या दिवशी. गर्दीवर उपाय वेळेचा आहे. टूरच्या बसेस साधारण दहानंतर येतात आणि संध्याकाळी निघून जातात. सकाळी लवकर आधी पूल. १७८४ च्या पुरात बर्फाच्या लाद्यांनी आधीचा पूल मोडला, म्हणून १७८८ मध्ये हा दगडी बांधला. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने याच्या कमानी उडवल्या, लोकांनी वर्गणी काढून १९४७ पर्यंत पुन्हा जोडल्या. पुलाच्या गावाकडच्या टोकाला पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षांसकट कोरलेल्या आहेत. त्यातली सर्वांत वरची माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे, ती मुलांना जरूर दाखवा. मग किल्ला उघडला की लगेच वर. दुपारी गर्दी झाली की कोठडी आणि मेस. चार-साडेचारला नदीपलीकडे.

पानसुपारी, बाबांना अजून चालायचं असेल तर फिलोसोफेनवेगवरून पुढे हायलिगनबेर्ग डोंगरावर पाठवा. वर सेंट मायकेल मठाचे अवशेष आहेत आणि १९३५ मध्ये नाझींनी बांधलेलं दगडी प्रेक्षागृह. रान झाडीचं आहे, पाणी सोबत हवं. तोवर सासूबाईंना घेऊन तुम्ही दोरखंडाच्या रेल्वेने अगदी वर क्योनिगश्टूलला जा. वरच्या टप्प्यावर अजून १९०७ चे लाकडी डबे धावतात. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला ऱ्हाईनचं खोरं लांबपर्यंत दिसतं. दोघांनाही पुलावर परत भेटायची वेळ आधी ठरवून द्या, बाबांच्या फोनला तिकडे रेंज असेलच असं नाही.

पानसुपारी

सगळं लिहून घेतलं. उन्हाळ्यात किल्ल्यावर आतषबाजी असते म्हणतात, ती जूनमध्ये असते का?

नेकारकाठ

हो, उन्हाळ्यात काही ठरावीक रात्री असते आणि त्यातली एक बहुधा जूनमध्ये येते. तारीख पालिकेच्या पानावर बघून घ्या. आधी दिवे मालवून सगळा किल्ला लाल प्रकाशात पेटल्यासारखा दाखवतात, ती त्या आगींची आठवण. मग पुलावरून आतषबाजी. नॉयेनहाइमच्या काठावर जागा धरायला दोन तास आधी जा, सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्या, आणि परतीच्या एस-बानला त्या रात्री तुडुंब गर्दी असते, म्हणून शेवटच्या गाडीवर विसंबू नका.